छत्तीस तास, एकवीस दिवस आणि साठ वर्षे : संकेतस्थळावरील स्वामित्वहक्क-तक्रारींचा चिकित्सक विचार (सातारा-सांगलीच्या ग्रंथसंपदेच्या संदर्भात)

प्रस्तावना

मराठी रंगभूमीचा आरंभ ज्या प्रयोगापासून मानला जातो, तो प्रयोग सांगलीत झाला. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' सादर केले. पुढे इचलकरंजीकर, आळतेकर आदी मंडळ्या त्याच धर्तीची पौराणिक नाटके घेऊन गावोगाव फिरू लागल्या. भाव्यांनी घालून दिलेला प्रयोगाचा साचा सर्वांनी उचलला आणि त्यातूनच मराठी रंगभूमी विस्तारली. १८४७ मध्ये कंपनी सरकारने ग्रंथांच्या स्वामित्वहक्काचा कायदा केला, परंतु सादरीकरणाचा साचा हा त्या कायद्याचा विषय नव्हता. आजचा कायदाही कल्पनेला किंवा पद्धतीला संरक्षण देत नाही. विशिष्ट अभिव्यक्तीला देतो.

याच भूमीत पुढे अण्णा भाऊ साठे जन्मले. वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या या लेखकाजवळ शेत नव्हते, वतन नव्हते. होती ती लेखणी आणि शाहिरी. अशा लेखकाच्या बाबतीत स्वामित्वहक्क हीच मागे राहणारी मिळकत ठरते. साहित्याचा मुक्त प्रसार आणि लेखकाच्या मिळकतीचे रक्षण ही दोन्ही मूल्ये सातारा-सांगलीच्या वाङ्मयेतिहासात अशी समोरासमोर उभी आहेत. छापील ग्रंथांच्या काळात त्यांचा संघर्ष क्वचित उघड होत असे. ग्रंथ स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवणे सुलभ झाल्यापासून तो तक्रारीच्या रूपाने महाविद्यालयांच्या दाराशी येऊ लागला आहे.

अशा तक्रारीच्या हाताळणीसाठी भारतीय कायद्याने २०१२ आणि २०१३ मध्ये एक कार्यपद्धती घालून दिली. प्रस्तुत लेखात त्या कार्यपद्धतीची चिकित्सा केली आहे. ही कार्यपद्धती तास आणि दिवस काटेकोरपणे मोजते. परंतु ज्या वर्षांच्या हिशेबावर तक्रारीचा खरेखोटेपणा अवलंबून आहे, तो हिशेब मराठी ग्रंथांच्या बाबतीत सहज उपलब्ध नसतो. त्यामुळे तक्रारीचा निकाल पुराव्याऐवजी भीतीवर लागण्याचा धोका निर्माण होतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

नियमाची शब्दरचना

स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ साली दुरुस्ती झाली. तीनुसार कलम ५२(१)(ग) मध्ये दुवा वा प्रवेश पुरविण्यासाठी होणारी कृतीची 'तात्पुरती अथवा आनुषंगिक' साठवण ही भंग मानली जाणार नाही, अशी तरतूद आली. मात्र स्वामित्वहक्कधारकाची लेखी तक्रार आल्यास ती कृती २१ दिवस, किंवा त्याआधी न्यायालयाचा आदेश आल्यास तोपर्यंत, वाचकांना उपलब्ध करून देणे थांबवावे लागते. मुदतीत आदेश न आल्यास ती पुन्हा खुली करता येते.

स्वामित्वहक्क नियम, २०१३ मधील नियम ७५ या तरतुदीचा तपशील देतो. तक्रारदाराने कृतीची ओळख पटेल असे वर्णन द्यावे, आपण मालक किंवा अनन्य परवानाधारक असल्याचा आधार द्यावा, संबंधित प्रत भंग करणारी असून कलम ५२ मधील अपवादांत बसत नाही हे दाखवावे, ती कोठे साठविली आहे ते सांगावे, ठाऊक असल्यास ती चढविणाऱ्या व्यक्तीचा तपशील द्यावा आणि सक्षम न्यायालयात दावा दाखल करून २१ दिवसांत आदेश सादर करण्याची हमी द्यावी, अशा या अटी आहेत. या तपशिलावरून खात्री पटल्यास साठवणुकीस जबाबदार असलेल्या व्यक्तीने ३६ तासांत कृती बंद करावी आणि बंद करण्याचे कारण त्या जागी वाचकांसाठी नमूद करावे. आदेश न आल्यास कृती पुन्हा सुरू करता येते आणि त्याच तक्रारदाराच्या त्याच कृतीविषयीच्या, त्याच जागेबाबतच्या पुढील तक्रारींना उत्तर देण्याचे बंधन राहत नाही.

नियमातील कळीचा शब्द 'खात्री' हा आहे. तक्रार आली एवढ्याने कृती बंद करावी, असे नियम म्हणत नाही. तक्रारीतील तपशील वाचावा, तोलावा आणि मग निर्णय घ्यावा, अशी त्याची अपेक्षा आहे. म्हणजे नियमाने संकेतस्थळाच्या चालकावर एक छोटे न्यायदानाचे काम सोपविले आहे. व्यवहारात मात्र ३६ तासांचा धाक मोठा ठरतो. कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या भंगासाठी ६ महिने ते ३ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात दिला आहे. अशा स्थितीत खात्री करून घेण्यापेक्षा मजकूर काढून टाकणे प्रशासनास सोयीचे वाटते.

साठ वर्षांचा हिशेब

खात्री करावयाची तर पहिला प्रश्न असा की, संबंधित कृतीवर आज हक्क शिल्लक आहे काय? कलम २२ नुसार, लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या वाङ्मयीन कृतीवरील हक्क त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. १९४१ साली निधन पावलेल्या रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपत होता. त्या पार्श्वभूमीवर ती १० वर्षांनी वाढविण्यात आली.

हा हिशेब दोन जिल्ह्यांच्या लेखकांना लावून पाहावा. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल १९१६ मध्ये निवर्तले. तेव्हाच्या ५० वर्षांच्या मुदतीप्रमाणे 'संगीत शारदा'च्या संहितेवरील हक्क १९६६ अखेर संपला. सातारा जिल्ह्यातील मर्ढे हे मूळ गाव असलेले बा. सी. मर्ढेकर २० मार्च १९५६ रोजी निधन पावले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता १ जानेवारी २०१७ पासून मुक्त आहेत. अण्णा भाऊ साठे यांचे निधन १८ जुलै १९६९ चे. 'फकिरा'वरील हक्क ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत आहे. सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले; 'ययाति' २०३६ अखेरपर्यंत संरक्षित आहे. शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर यांच्या कृती २०३७ अखेरपर्यंत, तर त्यांचे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' २०६१ अखेरपर्यंत संरक्षित आहे. एकाच घरातील दोन भावांच्या ग्रंथांत २४ वर्षांचे अंतर पडते, ते मृत्यूच्या वर्षामुळे. ग्रंथाच्या वयाचा त्याच्याशी संबंध नाही.

या नामवंतांच्या मृत्युतिथी कोशांत सापडतात. परंतु महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या कपाटांतील पुष्कळसे ग्रंथ नामवंतांचे नसतात. तालुक्याच्या गावी छापलेली स्थानिक इतिहासाची पुस्तके, शाहिरांचे पोवाडे, सत्यशोधकी जलशांच्या पुस्तिका, प्रतिसरकारच्या चळवळीतील कार्यकर्त्यांच्या आठवणी, जुनी शालेय नाटके यांच्या लेखकांची मृत्युवर्षे शोधावी लागतात. अनेकदा मुखपृष्ठावर केवळ आडनाव आणि आद्याक्षरे असतात. अशा पुस्तिकेविषयी तक्रार आली, तर ६० वर्षांचा हिशेब ३६ तासांत कसा करावयाचा? नियमाच्या रचनेत या प्रश्नाला उत्तर नाही.

एका कृतीत अनेक हक्क

दुसरा प्रश्न असा की, तक्रार नेमक्या कोणत्या हक्काविषयी आहे? १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेले 'गीतरामायण' हे याचे चांगले उदाहरण होय. त्यातील ५६ गीतांच्या शब्दांवरील हक्क गदिमांच्या मृत्युवर्षावरून मोजावा लागतो आणि तो २०३७ अखेरपर्यंत चालतो. संगीत सुधीर फडके यांचे. त्यांचे निधन २००२ चे, म्हणून संगीतकृतीवरील हक्क २०६२ अखेरपर्यंत पोहोचतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क स्वतंत्र असून तो मुद्रण प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे मोजला जातो. गायक-वादकांचा सादरकर्त्याचा हक्क त्याहून निराळा. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनातील गीतगायनाची चित्रफीत संकेतस्थळावर ठेवली आणि एखाद्या ध्वनिमुद्रण-कंपनीची तक्रार आली, तर कंपनीचा हक्क मुद्रणाचा आहे की शब्द-संगीताचाही आहे, हे आधी विचारले पाहिजे. विद्यार्थ्यांनी स्वतः गायिलेल्या गीतात कंपनीच्या मुद्रणाची प्रत मुळीच नसते. मात्र शब्द आणि संगीत यांवरील हक्क तेथेही लागू राहतात. केवळ मुद्रणाचा मुद्दा निकालात निघाला म्हणून चित्रफीत निर्वेध ठरत नाही.

'शारदा'च्या बाबतीत स्थिती उलटी आहे. देवलांची संहिता मुक्त आहे, परंतु अलीकडच्या एखाद्या आवृत्तीची संपादकीय प्रस्तावना आणि टिपा संपादकाच्या हक्काखाली येतात. जुना मजकूर नव्याने जुळविल्याने त्या मजकुरावर मात्र नवा हक्क निर्माण होत नाही. केवळ श्रम पुरेसे नसून किमान सर्जनशीलता हवी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी प्रकरणात मान्य केले आहे. तात्पर्य, 'आमच्या पुस्तकाची प्रत चढविली' एवढे तक्रारीत असून भागत नाही. पुस्तकाचा कोणता भाग आणि कोणता हक्क, हे तक्रारदाराने सांगितले पाहिजे आणि चालकानेही विचारले पाहिजे.

हक्क कोणाकडे आहे, हा प्रश्नही तितकाच जटिल आहे. 'सर्व हक्क प्रकाशकाधीन' अशी ओळ पुस्तकावर असली तरी कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखी असावे लागते. करारात मुदत नमूद नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने असेही म्हटले आहे की, करारसमयी अस्तित्वात नसलेल्या माध्यमाला ते हस्तांतरण लागू होणार नाही, जर त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर. ही कलमे जुन्या करारांना कितपत लागू होतात, हे त्या त्या कराराच्या तारखेवर आणि शब्दांवर अवलंबून राहील. परंतु त्यामागील विवेक स्पष्ट आहे. ज्या काळी आंतरजाल नव्हते त्या काळच्या कागदावरून प्रकाशकाने आंतरजालावरील हक्क सांगावा, तर तो कागद दाखविण्याची जबाबदारी त्याच्यावरच येते. कलम ४५ खालील नोंदणी सक्तीची नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये संजय सोया प्रकरणात स्पष्ट केले. म्हणून नोंदणी नाही एवढ्या कारणावरून वारसाची तक्रार फेटाळणेही चुकीचे ठरेल.

मोफत आणि मुक्त यांतील भेद

वाई हे सातारा जिल्ह्यातील गाव मराठी विश्वकोशाचे निर्मितिस्थान आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. आज विश्वकोश आंतरजालावर विनामूल्य वाचता येतो. यावरून त्यातील नोंदी जशाच्या तशा उतरवून घेण्यास हरकत नाही, असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. शासनाच्या तसेच शासकीय मंडळांच्या प्रकाशनांवरही प्रथम प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे हक्क असतो. त्या हिशेबाने पहिला खंडही २०३६ अखेरपर्यंत संरक्षित आहे. वाचनाची मुभा म्हणजे पुनःप्रकाशनाची मुभा नव्हे. अभ्यास, समीक्षा वा संशोधनासाठी न्याय्य प्रमाणात अवतरण घेण्यास कलम ५२ ची मोकळीक आहेच.

जिल्हा गॅझेटियरांचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सातारा खंड १८८५ चा. तो निर्विवादपणे मुक्त आहे. महाराष्ट्र शासनाने काढलेले सातारा जिल्हा गॅझेटियर १९६३ चे. त्यावरील हक्क २०२३ अखेर संपला. सांगली जिल्हा गॅझेटियर १९६९ चे. त्यावरील हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' म्हणून निर्माण झालेला आणि १९६० पासून 'सांगली' म्हणून ओळखला जाणारा जिल्हा आपल्या मूळ जिल्ह्यापासून या बाबतीतही ६ वर्षे मागे आहे. एकाच मालिकेतील दोन शेजारी खंडांपैकी एक निर्धास्तपणे संकेतस्थळावर ठेवता येतो आणि दुसऱ्यासाठी परवानगी लागते. ग्रंथपालाच्या नोंदवहीत प्रकाशनवर्षासमोर हक्क संपण्याचे वर्ष लिहिलेले असेल, तर हा भेद क्षणात कळतो. नसेल तर दोन्ही खंड एकाच भीतीपोटी कपाटात राहतात किंवा एकाच निष्काळजीपणाने संकेतस्थळावर जातात.

मध्यस्थ की प्रकाशक?

महाविद्यालयांच्या दृष्टीने सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हा आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ७९ आणि वर चर्चिलेले कलम ५२(१)(ग) ही दोन्ही संरक्षणे मुख्यतः दुसऱ्याचा मजकूर वाहून नेणाऱ्या वा साठविणाऱ्या मध्यस्थासाठी आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये मायस्पेस प्रकरणात असे ठरविले की, संकेतस्थळावर कोठेतरी भंग होत असेल अशी सामान्य जाणीव पुरेशी नाही. विशिष्ट कृतीविषयी विशिष्ट ज्ञान असले पाहिजे. हा निर्णय मध्यस्थांना दिलासा देणारा आहे.

परंतु महाविद्यालयाचे ग्रंथालय जेव्हा एखादा ग्रंथ स्वतः स्कॅन करून स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवते, तेव्हा ते मध्यस्थ राहत नाही. निवड त्याची, कृती त्याची, म्हणून जबाबदारीही त्याचीच. अशा वेळी '२१ दिवसांनंतर पुन्हा सुरू करता येते' या वाक्याचा आधार घेणे धोक्याचे आहे, कारण मूळ कृत्यच भंग असेल तर मुदत उलटल्याने ते वैध होत नाही. संग्रहातील नाशवंत ग्रंथाची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत करण्याची मुभा अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास २०१२ पासून आहे. ती प्रत जगासाठी खुली करण्याची मुभा त्यात नाही. तसेच २०१६ च्या दिल्लीतील रामेश्वरी छायाप्रत प्रकरणाने अध्यापनासाठीच्या प्रतींना मोठे संरक्षण दिले असले, तरी त्याचा संदर्भ अभ्यासक्रमाच्या अध्यापनाचा आहे. वर्गासाठीचे वाचनसाहित्य आणि जगासाठीचे प्रकाशन यांत महाविद्यालयांनी भेद राखला पाहिजे.

नियमातील तीन उणिवा

उपर्युक्त विवेचनावरून नियम ७५ च्या तीन उणिवा संभवतात. पहिली उणीव सुनावणीची. ज्याने मजकूर चढविला त्याला कळविण्याची वा त्याचे म्हणणे ऐकण्याची तरतूद नियमात नाही. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात मजकूर चढविणारा प्रतिनिवेदन देऊ शकतो आणि तक्रारदाराने दावा न केल्यास १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत येतो. भारतीय नियमात तक्रारदार आणि चालक यांच्यातच सारा व्यवहार संपतो; प्रत्यक्ष ज्याचे काम पुसले जाते तो दाराबाहेर राहतो.

दुसरी उणीव समतेची. ज्या वारसाजवळ वकील करण्यास पैसा नाही त्यालाही २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणावा लागतो. कलम ६२ ने वारसाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दावा करण्याची सोय दिली आहे. वाळव्यात राहणाऱ्याला मुंबई वा दिल्ली गाठण्याचे कारण नाही. ही सोय मोलाची असली तरी तीन आठवड्यांत आदेश मिळविणे मोठ्या कंपनीला जितके साध्य तितके खेड्यातील कुटुंबाला नाही. ज्यांच्यासाठी हा हक्क खऱ्या अर्थाने उपजीविकेचा आहे, त्यांनाच ही मुदत सर्वांत अपुरी पडते.

तिसरी उणीव खोट्या तक्रारीची. निराधार धमकीविरुद्ध कलम ६० खाली दावा करता येतो, पण त्यासाठी पुन्हा न्यायालयच गाठावे लागते. मुक्त झालेल्या कवितेवर हक्क सांगणारे एक पत्र ती कविता तीन आठवडे बंद ठेवू शकते. परीक्षेच्या तोंडावर तीन आठवडे हा विद्यार्थ्यांच्या दृष्टीने फार मोठा काळ आहे.

तक्रार हाताळण्याची इष्ट रीत

कायद्याची दुरुस्ती महाविद्यालयांच्या हातात नाही; नोंदवही मात्र आहे. संकेतस्थळावर ठेवण्यापूर्वीच प्रत्येक कृतीसमोर लेखकाचे मृत्युवर्ष, प्रथम प्रकाशनाचे वर्ष, हयातीत की मरणोत्तर प्रकाशन, अनुवादक व संपादक, परवानगीचा कागद आणि हक्क संपण्याचे वर्ष या नोंदी असाव्यात. मरणोत्तर प्रकाशित कृतीची मुदत प्रकाशनापासून मोजली जाते, याचे भान ठेवावे. लेखक वा वारस सापडत नसेल, तर वृत्तपत्रात जाहिरात देऊन कलम ३१-अ खाली परवाना मागण्याचा मार्ग आहे. तो लांबचा असला तरी प्रामाणिक आहे.

तक्रार आल्यावर तिची तारीख व वेळ नोंदवून पोच द्यावी. नियमातील प्रत्येक तपशील तक्रारीत आहे काय, हे तपासावे. नसल्यास नेमके काय हवे ते त्याच दिवशी लेखी विचारावे. कृती चढविणाऱ्या प्राध्यापकास वा विद्यार्थ्यास कळवावे. नियम सांगत नसला तरी तो तसे करण्यास मनाईही करीत नाही. मुदतीचा हिशेब स्वच्छ असल्यास, उदाहरणार्थ मर्ढेकरांच्या हयातीतील कवितासंग्रहाबाबत, कारणे देऊन तक्रार नाकारावी. हक्क चालू असल्याचे स्पष्ट असेल, उदाहरणार्थ 'फकिरा'ची संपूर्ण प्रत बिनपरवाना ठेवली गेली असेल, तर न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता ती काढावी आणि वारसांकडे रीतसर परवानगी मागावी. संशय असेल तेथे २१ दिवस बंद ठेवून त्या काळात पुरावा गोळा करावा आणि बंद करण्याचे कारण त्या जागी लिहावे. कोणताही निर्णय स्वाक्षरीनिशी, लेखी आणि सकारण असावा.

समारोप

विष्णुदासांच्या प्रयोगाचे अनुकरण झाले म्हणून मराठी रंगभूमी उभी राहिली. अण्णा भाऊंच्या लेखणीचे मोल मात्र कोणीतरी चुकते करावयास हवे होते. कायद्याने या दोहोंमध्ये ६० वर्षांची सीमा आखली आहे. ती सीमा कोणाला कमी वाटेल, कोणाला अधिक. परंतु ती कोठे आहे हे ठाऊक असल्याखेरीज तिचे पालनही होत नाही आणि तिच्या पलीकडे आलेल्या ग्रंथांचा लाभही घेता येत नाही. १ जानेवारी २०३० रोजी अण्णा भाऊंचे हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य आणि १९६९ चे सांगली गॅझेटियर ही दोन्ही एकाच दिवशी मुक्त होतील. तोपर्यंत सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांनी आपल्या कपाटांतील ग्रंथांची वर्षे लिहून काढली, तर त्या दिवशी कोणते ग्रंथ खुले करावयाचे हे त्यांना विचारावे लागणार नाही, आणि त्याआधी येणाऱ्या तक्रारीला ३६ तासांच्या आत खात्रीचे उत्तर देता येईल.